चाक आणि धाव : मनमाड परिसरातील मापांच्या जुळणीचा इतिहास

चाकाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा चाकाच्या शोधाकडे, त्याच्या प्रसाराकडे किंवा त्याने घडवून आणलेल्या दळणवळणाकडे जाते. चाक हे दोन निरनिराळ्या वस्तूंच्या संयोगाने बनते, या साध्या गोष्टीचा विचार त्यामानाने कमीच झालेला आहे. भार पेलणारा घेर ही एक वस्तू आणि त्या घेरावर बसून जमिनीशी झिजणारी धाव ही दुसरी वस्तू होय. या दोहोंची मापे परस्परांशी जुळल्याखेरीज चाक चालत नाही, आणि चाललेच तर नीट चालत नाही. बैलगाडीच्या चाकावरील लोखंडी धाव, रेल्वेच्या चाकावरील पोलादी टायर आणि मोटारसायकलच्या रिमेवरील रबरी टायर ही या जुळणीची तीन रूपे आहेत. नाशिक जिल्ह्यातील मनमाड व त्याचा परिसर येथे ही तिन्ही रूपे एकामागून एक आणि काही काळ एकत्रही नांदली. त्यांचा तुलनेने विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

प्रारंभीच एक भेद स्पष्ट करणे इष्ट ठरेल. जुळणीतील काही चुका स्वतःच उघड्या पडतात. माप चुकले की काम अडते, आणि अडलेले काम चुकीची जाणीव करून देते. दुसऱ्या काही चुका मात्र काम अडवीत नाहीत. चाक फिरत राहते, वाहन पुढे जाते, आणि चुकीची किंमत पुढे केव्हातरी, बहुधा दुसऱ्याच कोणाला तरी, मोजावी लागते. व्यासाची चूक बव्हंशी पहिल्या प्रकारात मोडते आणि धावेच्या रुंदीची चूक दुसऱ्या प्रकारात. मापांचे प्रमाणीकरण कोठे आपोआप घडून आले आणि कोठे त्याला कायद्याचा आधार घ्यावा लागला, हे समजण्यास हा भेद उपयोगी पडतो.

१. लोहाराची धाव

बैलगाडीच्या लाकडी चाकात मध्यभागी तुंबा, त्यात रोवलेले आरे आणि आऱ्यांवर बसविलेले घेराचे वक्र तुकडे अशी रचना असते. हे तुकडे एकमेकांना घट्ट धरून ठेवण्याचे काम धाव करते. धाव केवळ झीज सोसते असे नव्हे. ती चाकाला बांधूनही ठेवते. म्हणूनच ती चाकाच्या घेराएवढी करून चालत नाही. घेराहून किंचित लहान करून, तापवून, फुगलेल्या अवस्थेत चाकावर चढवावी लागते. पाणी ओतताच ती आक्रसते आणि लाकडाचे सांधे आवळून घेते.

या क्रियेतील सूक्ष्मता आकड्यांनी ध्यानात येते. पाच फूट व्यासाच्या चाकाचा घेर सुमारे १८८ इंच भरतो. लोखंड ५०० अंश सेल्सिअसने तापविले असता त्याची लांबी हजारी सहाच्या आसपास वाढते. म्हणजे एवढ्या मोठ्या घेरात लोहाराला मिळणारी सवलत एक इंचाहून थोडीशीच अधिक. धाव याहून जास्त लहान झाली तर ती चढत नाही, आणि चढवलीच तर आरे वाकविते. पुरेशी लहान झाली नाही तर उन्हाळ्यात लाकूड सुकताच ती सैल पडते. ही चूक लोहाराच्या अंगणातच किंवा फार तर पुढच्या चैत्र-वैशाखात उघडी पडे. तिला साक्षीदार असे आणि जबाबदार माणूसही ठाऊक असे. प्रत्येक धाव विशिष्ट चाकाची असल्यामुळे तिला अंकाची गरज नव्हती. माप लोहाराच्या हातात होते आणि हात गावाच्या ओळखीचा होता.

धावेच्या रुंदीची गोष्ट निराळी होती. धाव अरुंद असली तर लोखंड कमी लागते, गाडी हलकी राहते आणि कोरड्या, कठीण वाटेवर ती सहज ओढली जाते. साहजिकच गाडीवानाचा ओढा अरुंद धावेकडे असे. परंतु तोच भार निम्म्या रुंदीच्या पट्टीवर आला म्हणजे रस्त्याच्या प्रत्येक इंचावरील दाब दुप्पट होतो. खडीच्या रस्त्यावर अशा धावांनी चाकोऱ्या पडतात आणि पावसाळ्यात त्या चाकोऱ्यांतून पाणी वाहून रस्ता फुटतो. येवले, मनमाड व मालेगाव यांना जोडणाऱ्या, अहमदनगरकडून (आजच्या अहिल्यानगरकडून) येणाऱ्या मार्गासारख्या व्यापारी रस्त्यांवर कापूस, धान्य व पुढील काळात कांदा यांची वाहतूक करणाऱ्या गाड्यांचा भार याच लोखंडी धावांवर असे. गाडीवानाची बचत आणि रस्त्याचे नुकसान यांची खाती वेगळी होती.

ही समस्या केवळ येथलीच नव्हती. इंग्लंडमध्ये १७५३ च्या कायद्याने टोलच्या रस्त्यांवरील जड गाड्यांच्या चाकांना नऊ इंच रुंदीचे बंधन घालण्याचा प्रयत्न झाला. रुंदीच्या प्रश्नात राज्यसंस्थेला पडावे लागते याचे हे जुने उदाहरण होय. भारतात या प्रश्नाचे उत्तर कायद्यापेक्षा वस्तूच्या बदलातून अधिक आले. हवा भरलेल्या रबरी टायरची बैलगाडी प्रचारात आली, आणि पुढे साखर कारखान्यांच्या ऊसवाहतुकीने महाराष्ट्रात तिला स्थैर्य दिले. टायर रुंद असून रस्त्यावर दाबून बसत असल्यामुळे भार पसरला आणि रस्ता वाचला. पण त्याचबरोबर धाव लोहाराच्या हातून निसटली. नवी धाव कारखान्यातून, अंक घेऊन आली.

२. दोन मापांचे जंक्शन

रेल्वेच्या चाकात लोहाराचेच तत्त्व अधिक काटेकोर रूपात वापरले गेले. ओतीव किंवा घडीव चाकावर पोलादी टायर तापवून चढविण्यात येई आणि थंड होताच तो घट्ट बसे. जर्मनीतील आल्फ्रेड क्रुप यांनी १८५० नंतरच्या दशकात सांधा नसलेले रेल्वे-टायर तयार केले. एकमेकांत गुंतलेली तीन कडी ही त्यांच्या उद्योगाची पुढील खूण याच टायरांवरून घेतलेली होती. कालांतराने टायर व चाक एकजीव असलेली चाके प्रचारात आली. बंगळूरजवळील येलहंका येथे १९८४ पासून अशी चाके तयार होऊ लागली.

तथापि मनमाडच्या इतिहासात महत्त्व आहे ते दोन चाकांमधील अंतराला. मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग ५ फूट ६ इंच मापाचा, म्हणजे १६७६ मिलिमीटरचा, होता. तो थळ घाट चढून १८६० च्या दशकात या भागात पोहोचला. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग त्याच मापाने सुरू झाला आणि मनमाडला जंक्शनचे रूप आले. मध्यंतरी, १८७० मध्ये, लॉर्ड मेयो यांच्या कारकिर्दीत खर्च वाचविण्यासाठी एक मीटर मापाच्या मार्गांचे धोरण स्वीकारण्यात आले होते. निजामाच्या राज्यातील हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे त्याच मापाने बांधली गेली आणि विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ती औरंगाबादमार्गे (आजच्या छत्रपती संभाजीनगरमार्गे) मनमाडला येऊन मिळाली.

मिळाली म्हणजे केवळ शेजारी येऊन थांबली. दोन्ही मार्गांच्या वाघिणी पोलादाच्याच होत्या आणि चाकांची घडण एकाच तत्त्वाची होती. परंतु एका मार्गाची वाघीण दुसऱ्या मार्गावर पाऊलभरही जाऊ शकत नव्हती. मराठवाड्याचे धान्य व कापूस मुंबईकडे जाताना मनमाडला एका वाघिणीतून उतरवून दुसरीत भरावा लागे. प्रवाशांनाही गाडी बदलावी लागे. हमालांची मजुरी, मालाची नासधूस, लागणारा वेळ आणि अडकून पडणाऱ्या वाघिणी हे सर्व मापाच्या विसंगतीचे मूल्य होते, आणि ते रोजच्या रोज फलाटावर मांडले जात होते.

ही विसंगती लपणारी नव्हती. म्हणूनच तिच्या निवारणाविषयी कोणाचा तात्त्विक मतभेद उरला नाही. प्रश्न उरला तो पैशांचा आणि राजकीय निकडीचा. मराठवाड्यातील जनतेने ब्रॉडगेजची मागणी दीर्घकाळ लावून धरली आणि १९९० च्या दशकात हा मार्ग रुंद मापाचा झाला. उघड दिसणारी चूक दुरुस्त होण्यासही नव्वद वर्षांच्या आसपास काळ लागला. मग जी चूक दिसतच नाही तिचे काय होत असेल, हा प्रश्न येथे स्वाभाविकपणे उपस्थित होतो. त्याचे उत्तर मोटारसायकलच्या चाकात सापडते.

३. रबरी टायर आणि नावांचा गोंधळ

हवा भरलेल्या टायरची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ मध्ये मांडली. ती व्यवहारात रूढ झाली ती १८८८ मध्ये बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप यांनी केलेल्या प्रयोगांनंतर. आरंभीचा टायर रिमेला चिकटविला जाई. पंक्चर काढणे त्यामुळे जिकिरीचे होई. १८९० मध्ये दोन निरनिराळे मार्ग पुढे आले. विल्यम अर्स्किन बार्टलेट यांच्या पद्धतीत टायरची जाड कड रिमेच्या आत वळलेल्या ओठात अडकत असे. चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांच्या पद्धतीत टायरच्या कडेत न ताणली जाणारी तार असे आणि रिम मध्यभागी खोलगट असे. टायरची एक बाजू त्या खोलगट भागात ढकलली की दुसरी बाजू रिमेवरून चढविता येई.

मोटारसायकलींनी प्रथम बार्टलेट यांची पद्धत स्वीकारली. या टायरचे माप बाहेरच्या व्यासावरून सांगण्याची चाल होती. २६ × ३ म्हणजे बाहेरून २६ इंच व्यासाचा आणि ३ इंच जाडीचा टायर. रिमेचा व्यास वाचणाऱ्याने वजाबाकी करून काढावयाचा; २६ मधून ३ दोनदा वजा केले की २० उरतात. परंतु २६ × २½ हा टायर त्याच न्यायाने २१ इंची रिमेचा ठरतो. पहिला अंक तोच, पण रिम वेगळी. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात मोटारसायकली वेल्च यांच्या तत्त्वाच्या रिमेकडे वळल्या आणि नाव देण्याची रीतही बदलली. टायरवर आता जाडी व रिमेचा व्यास छापला जाऊ लागला. ३.२५–१९ असे लिहिले की तो टायर १९ इंची रिमेवरच बसतो, हे निःसंदिग्धपणे कळू लागले.

सायकलींच्या बाबतीत ही सुधारणा पुरती झाली नाही. २६ × १⅜ आणि २६ × १.७५ ही दोन्ही टायरे नावाने २६ इंचीच; प्रत्यक्षात पहिल्याची कड ५९० मिलिमीटर व्यासाच्या रिमेवर बसते, तर दुसऱ्याची ५५९ मिलिमीटर व्यासाच्या रिमेवर. सायकल दुरुस्त करणाऱ्या दुकानदाराला हे अनुभवाने ठाऊक असते. गिऱ्हाइकाला मात्र टायर चढत नाही तेव्हाच कळते. तात्पर्य, व्यासाची चूक येथेही दुकानातच उघडी पडते.

४. रुंदी हे नाते आहे

मोटारसायकलच्या टायरवरील नव्या अंकांनी व्यासाचा प्रश्न सोडविला. रुंदीचा प्रश्न मात्र त्यांनी अर्धाच सोडविला. टायरची जाडी टायरवर छापलेली असते, पण ती कोणत्या रुंदीच्या रिमेवर मोजली आहे हे सामान्यतः तेथे लिहिलेले नसते. रिमेची रुंदी रिमेवर ठोकलेली असते. ब्रिटिश परंपरेत डब्ल्यू. एम. १ म्हणजे १.६० इंच, डब्ल्यू. एम. २ म्हणजे १.८५ इंच आणि डब्ल्यू. एम. ३ म्हणजे २.१५ इंच. ही रुंदी रिमेच्या दोन उभ्या कडांच्या आतील बाजूंमधील अंतर होय. बाहेरून पट्टी लावून ती मिळत नाही.

टायरची छापील रुंदी ही टायरचा स्वतंत्र गुण नसून टायर व रिम यांच्यातील नाते आहे. प्रमाणग्रंथांत प्रत्येक टायरसाठी एक मापनाची रिम ठरलेली असते. त्या रिमेवर चढवून हवा भरल्यावर जी रुंदी भरते ती छापण्यात येते. रिम अर्ध्या इंचाने रुंद झाली की टायर सामान्यतः पाच मिलिमीटरच्या आसपास रुंदावतो, आणि अरुंद झाली की तेवढाच आक्रसतो.

१९५५ मध्ये मद्रास येथे सुरू झालेल्या एन्फील्ड इंडिया कंपनीच्या ३५० सीसी बुलेट गाडीवर ३.२५–१९ टायर व १.८५ इंची रिम अशी जोडी असे. रिमेची रुंदी टायरच्या रुंदीच्या सुमारे ५७ टक्के भरते. त्याच १९ इंची व्यासासाठी पुढे रूढ झालेल्या ९०/९०–१९ या मेट्रिक टायरची मापनाची रिम २.१५ इंच, म्हणजे सुमारे ६१ टक्के. १००/९० या टायरची २.५० इंच, म्हणजे ६३ ते ६४ टक्के. १४०/७०–१७ या टायरची ४.०० इंच, म्हणजे जवळजवळ ७३ टक्के. या मालिकेतून एक गोष्ट स्पष्ट होते. मेट्रिक नावातील दुसरा अंक टायरच्या उंचीचे रुंदीशी असलेले शेकडा प्रमाण दाखवितो. तो जसा कमी होतो, म्हणजे टायर जसा बसका व रुंद होत जातो, तशी त्याला रिम केवळ अधिकच नव्हे तर प्रमाणाबाहेर अधिक रुंद लागते. उंच, गोल टायर थोडीफार तडजोड सहन करतो. बसक्या टायरला ती सहन होत नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरीस भारतात मोटारसायकलींनी स्कूटरना मागे टाकले. स्कूटरच्या काळात जुळणीचा प्रश्न फारसा उद्भवला नव्हता. बजाज चेतकसारख्या गाडीचा ३.५०–१० टायर दोन अर्धकांची, बोल्टने आवळलेली रिम सुटी करूनच बसविला जाई. पुढचे, मागचे व जादा चाक एकच असे. त्यामुळे निवडीला वावच नव्हता. मोटारसायकलीने तो वाव दिला. काटकसरी, हलक्या गाड्यांवर २.७५–१८ सारखे सडपातळ टायर व १.६० किंवा १.८५ इंची रिमा असत. त्याच १८ इंची व्यासाचा १००/९० टायरही बाजारात मिळू लागला. व्यास जुळतो, टायर चढतो, हवा धरतो, गाडी चालते. गाडी पाठीमागून भारदस्त दिसते. दोघांचाही समज होतो की जुळणी झाली.

प्रत्यक्षात काय घडते ते पाहणे अगत्याचे आहे. अरुंद रिम टायरच्या दोन्ही कडा जवळ ओढते. त्यामुळे टायरचा माथा अधिक टोकदार गोल होतो, आणि सरळ चालताना रस्त्याशी येणारा संपर्क वाढण्याऐवजी मध्यभागी आकसतो. मधला भाग लवकर झिजतो. बाजू अधिक लवचीक होऊन वळणावर गाडी डुलते. ओझे, खड्डा व कमी हवा एकत्र आली तर रिमेवरील कडेची पकड ढळण्याचा संभव वाढतो. साखळी व मागील कवचाशी टायर घासण्याची भीती वेगळीच. उलट, रुंद रिमेवर अरुंद टायर चढविला तर त्याच्या बाजू ताणल्या जातात, माथा सपाट होतो आणि वळणावर टायरची कडेची धार रस्त्यावर येते. ट्यूब नसलेल्या टायरच्या बाबतीत आणखी एक अट असते. त्यासाठी कडेची बैठक किंचित उतरती व आतून उंचवटा असलेली रिम लागते. जुन्या तारांच्या रिमेत ही बैठक नसते, शिवाय आऱ्यांच्या छिद्रांतून हवा सुटते.

यांपैकी एकही दोष दुकानात दिसत नाही. तो दिसतो पुढे, मनमाड-मालेगाव रस्त्यावर पानेवाडीच्या इंधन-टँकरांमधून वाट काढताना किंवा पावसात वळण घेताना. रुंद टायरने पकड वाढते हा समज मुळात खोटा नाही. तो रुंद रिमेसह खरा आहे. अर्धे सत्य असल्यामुळेच तो टिकून राहिला.

५. कायदा आणि कारागीर

रुंदीच्या प्रश्नात राज्यसंस्थेला पडावे लागते, हे बैलगाडीच्या निमित्ताने दिसून आलेच आहे. मोटारसायकलीच्या बाबतीतही तसेच घडले. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ९४ व ९५ हे नियम अनुक्रमे टायरची स्थिती व टायरचे माप यांविषयी आहेत. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ निर्मात्याने नमूद केलेल्या तपशिलाहून वेगळा फेरबदल करण्यास आडकाठी करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हा अर्थ अधिक स्पष्ट केला. दुचाकी व तीनचाकी वाहनांच्या टायरसाठी भारतीय मानक १५६२७ आहे. २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने टायरवर मानक-चिन्ह सक्तीचे केले.

परंतु कायदा मानकाप्रमाणे टायर तयार झाला की नाही हे कारखान्यात पाहू शकतो. तो कोणत्या रिमेवर चढला हे रस्त्याकडेच्या प्रत्येक दुकानात पाहू शकत नाही. तेथे उरतो तो कारागीर. लोहाराजवळ चाक आणि धाव या दोहोंचे ज्ञान होते, कारण दोहोंची सांगड तोच घालीत असे. आजच्या टायर-दुकानदाराजवळ टायर चढविण्याचे कौशल्य आहे, व्यासाचे ज्ञान आहे, अंकही समोर आहेत. परंतु त्या अंकांना पूर्ण करणारा तक्ता, कोणत्या टायरला किती रुंद रिम चालते हे सांगणारा, बहुधा निर्मात्याच्या पुस्तिकेत राहिलेला असतो. नाशिकच्या सातपूर येथे टायरचा मोठा कारखाना असूनही जिल्ह्यातील दुकानांत तो तक्ता भिंतीवर लावण्याची प्रथा रुळली नाही, तर ज्ञान आणि वस्तू यांच्या वाटा वेगळ्या झाल्या असे म्हणावे लागेल.

६. उपसंहार

उपरिनिर्दिष्ट तीन पर्वांवरून काही निष्कर्ष निघतात. धावेचा व्यास आणि रुळांचे अंतर यांतील विसंगतीने काम अडविले. म्हणून लोहाराने ती तत्काळ आणि रेल्वेने विलंबाने का होईना, दूर केली. गाडीच्या धावेची आणि मोटारसायकलच्या टायरची रुंदी यांतील विसंगतीने काम अडविले नाही. म्हणून तिचे मूल्य आधी रस्त्याने व नंतर चालकाने दिले. प्रमाणीकरणाचा इतिहास हा सर्वत्र प्रगतीचा सरळ इतिहास नव्हे. अंक आल्यामुळे एक अज्ञान नाहीसे झाले, पण अंक पुरेसा आहे या विश्वासातून दुसरे अज्ञान जन्मास आले.

मनमाडसारख्या ठिकाणी या विषयाची साधने अद्याप उपलब्ध आहेत. धाव चढविणारे लोहार संख्येने कमी होत असले तरी त्यांच्या आठवणी नोंदविता येतील. मीटरगेजच्या काळात वाघिणींतील मालाची चढ-उतार पाहिलेली पिढी अजून हयात आहे. जुन्या रिमांवर ठोकलेली मापे आणि टायरांच्या बाजूंवरील अंक ही तर स्वतःच लेखी साधने होत. कागदपत्रांत न सापडणारा व्यवहाराचा इतिहास अशा वस्तूंवर कोरलेला असतो. तो वाचताना अंकाबरोबरच अंकाने न सांगितलेली रिमही विचारात घेतली पाहिजे.